आईला डिमेन्शिया होममध्ये ठेवलंय? तिच्या सवयी पण सोबत द्या

आमची आई दोन वर्षं पुण्यातल्या एका डिमेन्शिया होममध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या घरात आहे. ठेवावं की ठेवू नये यावर मी लिहिणार नाही, त्यावर नातेवाईक भरपूर बोलतात. ठेवल्यावर तिथला दिवस बरा कसा जाईल तेवढंच सांगते.

पहिलं काम म्हणजे फाइलसोबत सवयींचा कागद द्या. रिपोर्ट, गोळ्यांची यादी सगळेच देतात, पण आधी चहा की आधी दात, आंघोळ किती वाजता, झोपते कुठल्या कुशीवर, हाक काय मारलेली आवडते, हे कोणी लिहून देत नाही. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस रोज आंघोळीला रडारड, ओरबाडणं, सिस्टर म्हणाल्या आजी अग्रेसिव्ह आहेत. जाऊन बघते तर शॉवर! जन्मभर बादली-तांब्याने आंघोळ केलेली बाई, डोक्यावर वरून एकदम पाणी आल्यावर ओरडणार नाही तर काय करणार. मग बादली आणि घरचा पितळी तांब्या नेऊन दिला, पाणी आधी पायावर, मग हातावर, आणि तांब्या तिच्याच हातात. चार दिवसांत भांडण मिटलं (केस धुवायच्या दिवशी अजून कुरकुर असते, ते चालायचंच).

जेवणाचं म्हणाल तर पांढऱ्या प्लेटमधला दहीभात बऱ्याच जणांना नीट दिसतच नाही, डोळे ठीक असले तरी. लाल किंवा निळी प्लेट द्या, एका वेळी एकच पदार्थ वाढायला सांगा, चमचा जमत नसेल तर हातात धरता येईल असं काहीतरी, इडली, थालीपिठाचा तुकडा. सारखा ठसका लागत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, गिळणं बिघडतं आणि अन्न फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी मागायचं त्यांना सुचत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ग्लास हातात द्यावा लागतो. आणि एक-दोन दिवसांत अचानक जास्तच बिघडलं, भलतंच बोलायला लागली, तर आजार वाढला म्हणून सोडून देऊ नका, लघवी तपासायला सांगा, पोट साफ होतंय का विचारा. आईचं दोनदा युरिन इन्फेक्शन निघालं.

दुपारी टीव्हीसमोर बसवून ठेवतात तिथे मेथीची जुडी नेऊन बघा. आई अर्धा तास निवडते, काड्या पाल्यात आणि पाला काड्यांत जातो, जाऊ दे की.

खरी परीक्षा चारनंतर. संध्याकाळ व्हायला लागली की गोंधळ आणि बेचैनी वाढते, याला सनडाउनिंग म्हणतात. आई दाराशी जाऊन उभी राहते, "पोरं शाळेतून येतील, मला सोडा." त्या पोरांतली एक मी, वय 52, समोरच उभी. सुरुवातीला मी म्हणायचे अगं मी इथेच आहे ना, की ती अजूनच चिडायची. आता विचारते, त्यांना खायला काय करणारेस गं? मग पोहे येतात, कांदा किती चिरायचा ते येतं, फोडणीपर्यंत येईस्तोवर ती खुर्चीत बसलेली असते. बाबा गेलेत हेही दर वेळी सांगू नका हो, तिला ते दर वेळी नव्याने कळतं. अंधार पडायच्या आधीच लाइट लावायला सांगा, सावल्यांनी घाबरतात. आमच्याकडे दिवा लावून शुभंकरोति म्हणतात, माझं नाव विसरलेली आई ते न अडखळता म्हणते.

कपड्यांवर, चष्म्यावर, कवळीच्या डबीवर नाव टाका. सोनं ठेवूच नका. आईची कवळी टिश्यूत गुंडाळलेली होती ती कचऱ्यात गेली, होमवाले म्हणाले आम्हाला माहीत नाही, नवीन माझ्याच खर्चाने.

भेटायला गेल्यावर "ओळखलंस का मला?" विचारू नका, सरळ नाव सांगून शेजारी बसा. निघताना "येते" म्हटलं की ती पिशवी उचलून मागे येते, म्हणून मी साडेसहाला तिचं ताट आलं, पहिला घास गेला, की सिस्टरला खूण करते आणि चप्पल बाहेर जाऊनच घालते.