जुन्या घरामागचं रान साफ करताय? आधी या चुका टाळा

मार्च उजाडला की इंग्लंडमध्ये नवं घेतलेलं जुनं घर आणि त्यामागची कंबरभर माजलेली बाग यांचे फोन सुरू होतात. "ताई, शनिवारी माणूस लावून सगळं साफ करतोय, गुलाब कुठले लावू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: वर्षभर काही उपटू नका.

हे मी नुकसान सोसून शिकले. आमचं घर १९३० च्या दशकातलं. ऑक्टोबरमध्ये राहायला आलो आणि दोन दिवसांत बाग भुईसपाट केली. एका कोपऱ्यात करपलेल्या पानांचा झुपका होता. खणला तर खाली रताळ्यासारखी जाड मुळं आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढे लालसर कोंब. कोंब दिसत असूनही मी ते कचऱ्यात टाकलं. मे महिन्यात शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारलं, "यंदा पिओनी फुलली नाही का?" आधीच्या बाईंनी लग्नानंतर लावलेलं झाड होतं ते. अजून वाईट वाटतं.

केंटमधलं सिसिंगहर्स्ट (आजची प्रसिद्ध बाग) लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी १९३० मध्ये घेतलं तेव्हा तिथेही कचरा आणि तणच होतं. त्यात सापडलेला एक जुना गर्द गुलाब त्यांनी जपला. तो आज 'सिसिंगहर्स्ट कॅसल' नावाने ओळखला जातो. म्हणून दर महिन्याला फोटो काढा, जे उगवेल तिथे काठी रोवा. स्नोड्रॉपचे कंद जानेवारी-फेब्रुवारीशिवाय कळणारच नाहीत.

दुसरी चूक रोटाव्हेटर. बाइंडवीड म्हणजे आपल्या हरळीसारखंच चिवट, पण वेलासारखं वाढणारं तण. मुळं शेवयांसारखी पांढरी, हात लावताच कडकन तुटणारी, आणि प्रत्येक तुकड्यातून नवा वेल. एका मित्राने भाड्याने यंत्र आणून अर्ध्या तासात वाफा भुसभुशीत केला. जुलैपर्यंत आख्खा वाफा त्याच्या पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांनी भरला. मी गार्डन फोर्कने माती उचलून हाताने तुकडे वेचते, बादलीत टाकते, कंपोस्टमध्ये कधीच नाही. दर रविवारी एक तास, आणि तो वाफा एक उन्हाळा रिकामा. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी कुंड्या लावाव्यात. वर कापड अंथरून खडी टाकायची युक्ती तर मला मुळीच पटत नाही. वेल कडेने बाहेर येतोच.

बाकीचं थोडक्यात. मार्च ते ऑगस्ट कुंपणाची झुडपं छाटू नका. पक्ष्यांची वापरात असलेली घरटी मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. जपानी नॉटवीड या झपाट्याने पसरणाऱ्या तणाचा संशय आला तर खणू नका, जाणकाराला बोलवा. मोठं झाड तोडण्याआधी काउन्सिलला विचारा. जुना गुलाब काढला त्याच खड्ड्यात नवा लावू नका. प्रत्येक जातीचं एकेक रोप आणू नका, तीन किंवा पाच एकत्र लावा, नाहीतर वाफा नर्सरीच्या मांडणीसारखा दिसतो. पिओनी लावलीत तर कोंब मातीखाली दोन-अडीच सेंटिमीटरच ठेवा. खोल गेली की नुसती पानंच येतात.

आणि फॉक्सग्लोव्हला पहिल्या वर्षी फूल नाही म्हणून फेकू नका. ते बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतं. सगळं झाड विषारी आहे, लहान मुलं असतील तर मागच्या रांगेत लावा.