व्हॅनचा आतला दिवा विझत नाही: रविवारच्या कामाची शनिवारी करायची तयारी

शनिवारी दुपारी एक वाजता शेवटचं मूल घरी सोडून व्हॅन दारात लावली. सोमवारी पहाटे सहाला किल्ली फिरवली, तर नुसतं टकटक. आमच्या वहिनींच्या शाळेच्या ओम्नीने हा प्रकार तीनदा केला. पहिल्यांदा गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला, दुसऱ्यांदा शेजारच्यांची जंपर केबल आली, तिसऱ्यांदा गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून नवी बॅटरी घेतली. तीही पंधरा दिवसांत झोपली. दोष बॅटरीचा नव्हताच. आतला छताचा दिवा दारं लावल्यावरही जळत राहायचा, आणि त्याचा दहा वॅटचा बल्ब 12 व्होल्टला साधारण 0.83 अँपिअर खातो. शनिवार दुपार ते सोमवार पहाट म्हणजे 41 तास, म्हणजे 34 अँपिअर-अवर. बॅटरी होती 35 ची. पाचवीतल्या मुलालाही सुटेल असं हे गणित, पण आम्ही मांडलं बॅटरीचे पैसे देऊन झाल्यावर.

मारुतीची ही व्हॅन 1984 मध्ये आली, 1988 पासून ओम्नी म्हणवू लागली आणि 2019 मध्ये बंद झाली. त्यामुळे रस्त्यावरची सगळ्यात तरुण ओम्नीसुद्धा आता जुनीच. पुढे लिहितोय ते ओम्नी समोर ठेवून, पण दाराच्या बटणावर दिवा लागणाऱ्या कुठल्याही जुन्या व्हॅनला ते चालेल.

काम रविवारी सकाळी उजेडात करा, पण तयारी शनिवारी संध्याकाळी. अंधार पडला की सगळी दारं लावून गाडीभोवती एक चक्कर मारा आणि काचेतून बघा. दिवा भरपूर जळतोय, मंद जळतोय की लागतोय-विझतोय? या तिन्हींची कारणं वेगळी असतात. डिकीत वेगळा दिवा बसवलेला असेल, तर तो बाहेरून नीट दिसत नाही. अशा वेळी फोनवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवायचा, दार लावायचं, दोन मिनिटांनी काढून बघायचा. दिवा खरंच विझतो का, हा माझ्या लहानपणी फ्रिजबद्दल पडलेला प्रश्न होता, त्याचं उत्तर असं मिळालं.

आणि हो, दिव्यावरची पट्टी. तिला तीन जागा असतात: कायम चालू, कायम बंद आणि मधली, म्हणजे दार उघडलं की लागणारी. पट्टी कायम चालूवर सरकलेली असते आणि घरातले सगळे वायरिंगवर चर्चा करत बसतात. शाळेच्या गाडीत मागे बसलेल्या मुलांचे हात छताला पोचतात, एवढं सांगितलं तरी पुरे. अमेरिकेतल्या कुणाकडे तिकडची जुनी व्हॅन असेल, तर त्याने डॅशबोर्डवरचं काटे-दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं चाकही बघावं. बऱ्याच अमेरिकी गाड्यांत ते शेवटच्या टोकाला नेलं की आतले दिवे लागतात. आपल्याकडच्या ओम्नीला ही भानगड नाही.

पट्टी मधल्या जागेवर आहे आणि तरी दिवा चालूच आहे, मग सामान काढायचं. दहाचा पाना बॅटरीच्या टर्मिनलसाठी. चार-फुली आणि साधा असे दोन स्क्रू-ड्रायव्हर. साधा मल्टिमीटर, तोही सेल आहेत याची खात्री करून, कारण रविवारी नऊ व्होल्टचा सेल शोधत फिरणं मी केलेलं आहे. बारीक पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडा दोरा, मार्कर पेन. दोरा कशाला ते पुढे येईल. एक जादा बल्ब आणि दाराच्या बटणाच्या दोन रबरी टोप्या स्पेअर पार्टच्या दुकानातून शनिवारीच आणून ठेवा, रविवारी दुकान बंद असतं. टोपी न्यायला जाताना जुनी बरोबर न्या, कारण दिसायला सारख्या टोप्यांची जाडी वेगळी निघते.

आता हे चालतं कसं ते डोक्यात पक्कं करून ठेवा, हत्यारांपेक्षा त्याचीच जास्त गरज लागते. बल्बला बॅटरीचा करंट फ्यूजमधून कायम आलेलाच असतो, किल्ली काढलेली असली तरी. बल्बची दुसरी वायर दाराच्या खांबातल्या बटणाकडे जाते. दार उघडलं की बटण स्प्रिंगने बाहेर येतं, ती वायर बॉडीला टेकते, अर्थिंग म्हणजे करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट मिळते आणि दिवा लागतो. दार लावलं की बटण आत दबतं आणि अर्थिंग तुटतं. म्हणजे बटण आत अडकलं तर दिवा लागणारच नाही. विझत नसेल तर उलट शोधायचं: बटण पुरेसं दबत नाहीये, बटण आतून गंजून जोडलं गेलंय किंवा वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडलीय. गॅरेजमध्ये एकाने वहिनींना ठामपणे सांगितलं होतं, "फ्यूज उडला नाही ना ताई, मग शॉर्ट नाही." इथेच आमचे दोन महिने गेले. बल्बच्या पलीकडची वायर बॉडीला टेकली तर करंट बल्बमधूनच जातो, फ्यूजला काहीच कळत नाही, दिवा मात्र इमानेइतबारे जळत राहतो.

दुसरी गोष्ट, सगळी बटणं एकाच वायरवर जोडलेली असतात. एक बिघडलं तरी दिवा चालू. म्हणून किती दारांना बटणं आहेत ते आधी मोजून कागदावर लिहा. सरकत्या दारांना आणि डिकीला कंपनीची आहेत की मागच्या मालकाने नंतर बसवली, हे बटणाच्या स्क्रूवरून आणि वायरच्या रंगावरून ओळखू येतं. शाळेच्या व्हॅनमध्ये कुणीतरी एलईडी पट्टी जोडलेली असते, कुणी गाण्यांचा टेप, कुणी मागच्या दाराचा बझर. आमच्या गाडीत छताच्या अस्तराखाली तीन वेगवेगळ्या माणसांच्या तीन वेगवेगळ्या रंगांच्या टेपा निघाल्या. पाहुण्याने केलेली वायरिंग आधी तपासायची, कंपनीची नंतर.

रविवारी सकाळी ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करा, दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा उघडतं ते हेच. दार उघडून बटण बोटाने पूर्ण दाबा, बाकी दारं बंद हवीत. दिवा विझला तर बटण चांगलं आहे, दारच त्याला दाबायला कमी पडतंय. टोपी झिजलेली असते किंवा बिजागरी सैल होऊन दार खाली बसलेलं असतं. खात्री करायला वर्तमानपत्राची पट्टी बटणावर धरून दार लावा आणि ओढून बघा. अलगद निघून आली तर दार बटणाला टेकतच नाहीये. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून महिना-दोन महिने निघतात, आम्ही काढलेत, पण पावसाळ्यात तो तुकडा सुटून दाराच्या फटीत जातो. टोपीच घाला.

बोटाने दाबूनही विझत नसेल तर पुढच्या दाराकडे जा. सगळी दाबून पाहिली आणि तरी दिवा हसतोय, तर बटणं एकेक करून सोडवा. बटण स्क्रूवर असतं, बाहेर ओढलं की मागून वायर येते. वायर काढण्याआधी तिला दोरा बांधा आणि दुसरं टोक स्टिअरिंगला अडकवा. दोरा न बांधता काढलेली वायर खांबाच्या पोकळीत पडली की अर्धा दिवस ती तारेने वर काढण्यात जातो. काढलेलं टोक लगेच टेपने गुंडाळा, नाहीतर ते पत्र्याला टेकेल, दिवा चालूच राहील आणि तुम्ही बिघडलेल्या बटणाला चांगलं समजून सोडून द्याल. ज्या बटणाची वायर काढल्यावर दिवा विझला, ते चोर. कोकणातल्या गाड्यांत मला बहुतेक वेळा आत हिरवा गंज दिसला. पॉलिश पेपर मारून, क्लीनर फवारून ते सुधारतं, पण तेल किंवा ग्रीस आत घालू नका, धूळ धरून ठेवतं.

एकही बटण जोडलेलं नाही आणि तरी दिवा आहे, तर वायर घासलीय. दाराच्या चौकटीपाशी, छताच्या कडेला, सीटबेल्टच्या बोल्टजवळ बघा. आमची तिथेच निघाली: बेल्टचा बोल्ट बदलताना वायर त्याखाली चिरडलेली.

दिवा पूर्ण विझतो, पण एलईडी मंद मिणमिणतो, अशी तक्रार पावसाळ्यात येते. ओलसर बटणातून थोडासाच करंट गळतो, साध्या बल्बला तो पुरत नाही, एलईडीला पुरतो. बटण वाळवून साफ केलं की मिणमिणणं जातं.

शेवटी मोजणी. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, लावताना ते शेवटी लावायचं, म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी नाही. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या खोबणीत घालून मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि केबलच्या मध्ये जोडा. या अवस्थेत स्टार्टर मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. सगळं बंद असताना साध्या जुन्या व्हॅनला 50 मिलीअँपिअरच्या आत दिसलं पाहिजे. 400 किंवा 800 दिसले तर एक बल्ब अजून कुठेतरी जळतोय. मग एकेक फ्यूज ओढा, कुठल्यावर आकडा पडतो ते बघा आणि कागदावर लिहा. काम झाल्यावर लाल पिन परत व्होल्टच्या खोबणीत घालायला विसरू नका. अँपिअरच्या खोबणीत राहिलेल्या पिनने बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं की थेट शॉर्ट होतो.

वेळ कमी असेल आणि सोमवारी गाडी हवीच असेल, तर पट्टी कायम बंदवर सरकवा. गाडी चालेल. फक्त मुलं अंधारात चढतात, म्हणून वहिनींना हा उपाय दोन दिवसांपेक्षा जास्त पटत नाही.

सगळं परत बसवल्यावर रात्री पुन्हा एकदा फोन आत ठेवून दार लावा. बॅटरीचं व्होल्टेज झोपण्यापूर्वी आणि सकाळी, दोन्ही वेळा लिहा. चार्ज झालेली बॅटरी सुमारे 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे अर्ध्यावर. वहिनींच्या गाडीचा कागद आता सनव्हायझरच्या मागे आहे, त्यावर शनिवारची 12.6, सोमवारची 12.5 आणि खाली त्यांच्याच हातचं: बेल्टचा बोल्ट, डावीकडचा.