वंशसंहारातून वाचलेल्यांसोबत कलेचं काम करायचंय? आधी एवढं ऐका

कला महाविद्यालयातून किंवा समाजकार्य शिकून या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहितेय. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात काय झालं, संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित' ठरवलेलं गाव पडल्यावर आठ हजारांहून जास्त बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे कसे मारले गेले, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल, तर ब्रश खाली ठेवा आणि आधी ते वाचा.

2017 साली मी शिकागोत शिकत होते. आइदा शेहोविच या बोस्नियन कलाकर्तीचं 'श्तो ते नेमा' (का नाहीस तू इथं?) हे गावोगाव फिरणारं स्मारक त्या वर्षी तिथं होतं आणि मी स्वयंसेवक म्हणून गेले. नवरा गमावलेल्या एका बाईला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्याच्याबरोबरच्या कॉफीची, हे ऐकून आइदाला ही कल्पना सुचली. 2006 साली सारायेव्होत 923 फिल्जान, म्हणजे कॉफीचे छोटे बिनकानाचे कप, मांडून सुरुवात झाली. ते कप स्रेब्रेनित्साच्या बायकांच्या संघटनेनं जमवले होते. मग दर 11 जुलैला नवं शहर, नवा चौक. दिवसभर कॉफी उकळायची, येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती कपात ओतायची, प्यायची मात्र कुणीच नाही. 2020 साली, हत्याकांडाच्या पंचविसाव्या वर्षी, खुद्द स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीत 8,372 कप मांडले गेले.

शिकागोत मी कप पुसले, पाणी भरलं, कॉफी ढवळली. हे हलकं काम समजू नका. या क्षेत्रातलं निम्मं काम असंच असतं, आणि चित्र बरं काढता येत नाही म्हणून घाबरणाऱ्यांनी तर निश्चिंत राहावं.

आता मुख्य गोष्ट. हात कामात असले की माणूस बोलतो. शेजारी बसून कप पुसणारी बाई मधेच भावाबद्दल सांगू लागते. ती तुम्हाला 'मुलाखत' देत नसते. ती कामाच्या सोबतीत बोलत असते, आणि उद्या तिला ते बोलल्याचं वाईटही वाटू शकतं. 'प्रकल्पात एखादी साक्ष असू दे, वजन येतं,' असं मला एका मार्गदर्शकांनी सांगितलं. पुढे एका कार्यशाळेत एका बाईंनी संमतीच्या कागदावर आनंदानं सही केली. नंतर त्यांना ते नको झालं, तेव्हा पुस्तिका छापून झाली होती. कागद माझ्या बाजूनं होता, पण त्याचा त्यांना काय उपयोग? सही त्या दिवसापुरती असते. काम दाखवण्याआधी पुन्हा विचारायचं, छापण्याआधी पुन्हा, आणि 'नाही' म्हणाल्या तर कारण मागायचं नाही.

यात कायद्याचीही बाजू आहे, ती कुणी शिकवत नाही. 2017 च्या ऑगस्टपासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून पळून बांगलादेशात आले, आणि गांबियानं 2019 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध वंशसंहाराचा खटला दाखल केला. अशा प्रकरणांत उद्या साक्षीला उभी राहू शकणारी बाई तुमच्या वहीत एक तारीख सांगते आणि तपास अधिकाऱ्याला दुसरी. आघातानंतर तारखा अशा सरकतातच. पण समोरचा वकील तीच तफावत धरून तिला खोटी ठरवू पाहतो. 2022 चा मुराद कोड ही लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांकडून माहिती घेणाऱ्यांसाठीची आचारसंहिता आहे, तरी सगळ्यांनीच वाचा. त्यातला कळीचा प्रश्न असा की हे पुन्हा विचारायची खरंच गरज आहे का?

दोन आठवड्यांची 'आर्ट थेरपी' प्रमाणपत्रं घेऊन छावण्यांत जाणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे: जाऊ नका. तुम्ही उघडलेली जखम तुम्ही गेल्यावर कोण बघणार, याचं उत्तर हातात नसेल तर तिला हात लावू नये. दुभाषाकडेही लक्ष द्या. तो बहुतेकदा त्याच समाजातला असतो आणि प्रत्येक वाक्य त्याच्या अंगावरून जातं. त्याच्यासाठीही विश्रांती ठेवा.

गुरू म्हणाल तर नावाजलेल्या कलावंतांपेक्षा बोस्नियातल्याच तुझ्ला शहरातल्या बायकांकडे बघा. स्रेब्रेनित्साच्या या बायका महिन्याच्या 11 तारखेला हरवलेल्यांची नावं भरलेले उशांचे अभ्रे हातात धरून रस्त्यावर उभ्या राहतात. कापड, टाका, जागा, सगळं त्यांनीच ठरवलेलं. आपल्याकडून गोधडीची कार्यशाळा घेऊन बांगलादेशातल्या कॉक्सबझारला, रोहिंग्यांच्या छावण्यांत, जायची हौस बऱ्याच जणींना असते. तिथल्या बायकांचं स्वतःचं भरतकाम आहे, ते तिथल्या रोहिंग्या सांस्कृतिक स्मृती केंद्रात मांडलेलंही आहे. त्यांना काय शिवायचंय ते आधी विचारा.

रडू येईल. येऊ द्या, त्यानं तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. फक्त तेव्हा तुमचं सांत्वन करायची पाळी त्यांच्यावर आणू नका.

परतीचं तिकीट काढण्याआधी एक दिवस राखून ठेवा: तयार झालेलं काम त्यांच्याच समोर मांडायचा. कुणाला आपला तुकडा काढून घ्यायचा असेल तर तो त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या, आणि तोवर छापखान्याला काहीही पाठवू नका.