गोवा विद्यापीठात कॉन्फरन्सला येताय?
पेपर सिलेक्ट झाला ना, मग आधी तिकीट बघा, ट्रेनने येणार तर करमळीला उतरा, पणजीला तेच जवळ पडतं, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, मग थिवी बघा. युनिव्हर्सिटी ताळगाव पठारावर आहे, १९८५ पासूनची, दोनापावला अगदी बाजूलाच. राहायला पणजी नाहीतर दोनापावलाच घ्या, कळंगुटला रूम स्वस्त दिसली तरी नको, सकाळी मांडवी पुलावर अडकलात की पहिलं सेशन गेलंच समजा. एकटे असाल तर पायलट करा, म्हणजे आमची पिवळी-काळी मोटारसायकल टॅक्सी, भाडं बसायच्या आधी ठरवा. आणि जून-जुलैत येताय तर पोस्टर प्लास्टिकच्या नळीतच आणा प्लीज, इथला पाऊस छत्रीला जुमानत नाही, माझं एक पोस्टर असंच भिजून गेलंय.