व्हीलचेअर मापाची हवी: ती मिळवताना आणि सांभाळताना कोणाकडून काय करून घ्यावे

आपल्याकडे व्हीलचेअर बहुधा दोन वाटांनी घरात येते: सर्जिकल दुकानातून घाईने विकत आणलेली, नाहीतर शिबिरात वाटलेली. दोन्हीकडे खुर्ची आधी ठरते आणि माणूस मागाहून तिच्यात बसवला जातो. रोज अनेक तास बसायचे असेल, तर हा क्रम उलटा करून घेणे भाग आहे.

सुरुवात पुनर्वसन विभागापासून करावी. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून चालत आलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. इतरत्र मोठ्या सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणारे तज्ज्ञ) यांना गाठावे. जाताना घरातील सर्वांत अरुंद दाराचे माप (ते बहुधा न्हाणीघराचेच असते), उंबऱ्याची उंची, दिवसाचे बसण्याचे तास आणि पूर्वी बेडसोअर (सतत दाबामुळे त्वचेला होणारी जखम) झाला होता का, एवढे कागदावर लिहून न्यावे. खुर्ची जिची आहे तिनेच बोलावे. नातेवाईक सोयीचे सांगतात, आणि ती सोय अनेकदा ढकलणाऱ्याची असते.

मापे घेताना घाई करू देऊ नये. बैठकीची रुंदी कमरेखालच्या सर्वांत रुंद भागाइतकी, फार तर दोन सें.मी. जास्त असावी. दुकानातली अठरा इंची खुर्ची बारीक अंगाच्या बाईला दिली, की ती एका कुशीवर कलते, मग घरचे बाजूला टॉवेल कोंबतात आणि पाठीचा बाक हळूहळू पक्का होतो. बैठक किती खोल हवी हे ठरवताना नितंबाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागील खळीपर्यंत मोजून त्यातून तीन ते सहा सें.मी. वजा करावेत. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर हे गादीच्या पृष्ठभागापासून पावले टेकवण्याच्या पट्टीपर्यंतचे माप. म्हणून गादी कोणती हे आधी ठरवावे, कारण गादी बदलली की हे माप बदलते. खुर्चीची बाहेरची रुंदी बैठकीपेक्षा साधारण 18 ते 20 सें.मी. अधिक भरते, तेव्हा ती दाराच्या मापाशी तिथेच ताडून पाहावी. ही सर्व मापे थेरपिस्टकडून सही-शिक्क्यासह लिहून घ्यावीत.

पैशांच्या बाजूने यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची नोंद लागते. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर साधने मिळतात. एकदा लाभ घेतल्यावर पुढचा साधारणपणे तीन वर्षांनी, बारा वर्षांखालील मुलांना मात्र एका वर्षानंतर मिळू शकतो. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, तिथेही अर्ज करावा. प्रत्येक अर्जाला मापांचा कागद जोडावा आणि पोच घ्यावी.

खुर्ची आल्यावर फोटो काढून मोकळे होऊ नये. शक्यतो थेरपिस्टसमोर बसून पाहावे. बसलेल्या व्यक्तीच्या बैठकीच्या हाडाखाली गादीवर तळहात सरकवून बोटांची टोके थोडी हलतात का, हे त्यांच्याकडून तपासून घ्यावे. बोटे चेपून अडकत असतील, तर गादी बदलायला हवी. पहिल्या आठवड्यात रोज निजताना त्वचा पाहावी आणि लालसर डाग दाब निघूनही मावळत नसेल, तर बसणे थांबवून थेरपिस्टला फोन करावा. उतारावरून खुर्ची पाठमोरी उतरवण्याचा सराव घरच्यांनी याच भेटीत करावा.

देखभालीचे बरेचसे काम घरी होते. पुढच्या छोट्या चाकांच्या आसाभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात. खुर्ची एका बाजूला ओढू लागली, तर आधी चिमट्याने ते काढावेत. हवेचे टायर अंगठ्याने दाबल्यास पाच मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाऊ नयेत, कारण हवा उतरली की ब्रेकची पकड सुटते आणि खुर्चीवरून पलंगावर सरकतानाच ती निसटते. पंक्चर, ढिले आरे, तेल ही कामे सायकलवाला चोख करतो. कोकणात पावसाळ्यात रोज फडके फिरवले नाही, तर नटबोल्ट गंजायला वेळ लागत नाही. सांगाड्याला तडा गेला असल्यास मात्र गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे न जाता खुर्ची पुरवणाऱ्याला आणि थेरपिस्टला कळवावे, आणि पुन्हा मापे घेण्याची तारीख तेव्हाच मागून घ्यावी. वाढत्या मुलांसाठी ती सहा महिन्यांवरची असावी.