आधी पत्रपेटीवर नाव लावा

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या विद्यापीठाचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि ऑगस्ट संपता संपता मला फोन यायला लागतात. कधी पुण्याच्या मैत्रिणीचा भाचा असतो, कधी साताऱ्याच्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, बॅगेत काय काय भरू?" कुकर भरा, गोडा मसाला भरा. पण मी सगळ्यांना आधी एकच काम सांगते आणि ते इथे पोचल्यावरच करायचं आहे. खोलीची किल्ली हातात पडली की त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर ठळक रोमन अक्षरांत आपलं आडनाव लिहून खालच्या पत्रपेटीवर चिकटवा. घंटेच्या बटणाशेजारीही लावा.

इथल्या पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, घराचा क्रमांक आणि तुमचं नाव, एवढंच. त्या घरात बारा बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पत्र परत. आणि या देशात अजूनही सगळं महत्त्वाचं पत्रानेच येतं: बँकेचं कार्ड एका लिफाफ्यात, त्याचा पिन दुसऱ्यात, विम्याची कागदपत्रं, कर क्रमांक. 2014 मध्ये मी आले तेव्हा एकीच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहत होते आणि पेटीवर फक्त तिचं नाव होतं. माझा पिन परत गेला, पुन्हा मागवला, पुन्हा परत गेला. जवळपास महिनाभर खात्यात पैसे असून मी आईने दिलेल्या नोटांवर दिवस काढले. कुणाच्या घरी तात्पुरते राहत असाल तर पत्ता देताना आपल्या नावाखाली 'बाय' असा शब्द घालून त्या घराच्या माणसाचं नाव द्या. बाय म्हणजे 'यांच्याकडे'.

पेटी झाली की आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची, असा कायदा आहे. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं एक पानभर प्रमाणपत्र लागतं, भाडेकरार चालत नाही. किल्ली घेतानाच ते मागून घ्या. वेळ ठरवून जायची पद्धत आहे, तिला सगळे 'टर्मिन' म्हणतात, आणि हा शब्द तुमच्या तोंडी आठवड्याभरात बसेल. टर्मिन लांबचा मिळाला तर घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा. नोंदणीचा कागद मिळाला की पुढची बरीच दारं उघडतात. व्हिसाची मुदत संपण्याआधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोचलाच पाहिजे. तो वेळेत दिला असेल तर निर्णय येईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरलं जातं. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, दोन-तीन महिने आधीच अर्ज करा.

पैशांबद्दल एक गोष्ट घरी नीट समजावून या. व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक खात्यात, म्हणजे ज्यातून ठरावीक रक्कमच काढता येते त्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरलेत म्हणजे ते हातात आहेत असं नाही. महिन्याला 992 युरोच सुटतात, आणि तेही इथलं चालू खातं उघडल्यावर. पहिल्याच महिन्यात मात्र अनामत रक्कम मागितली जाते. ती कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. 'कोल्ड' भाडं म्हणजे हेच मूळ भाडं, हीटिंग वगैरे मिळून होतं ते 'वॉर्म'. जाहिरातीत कुठला आकडा दिलाय ते आधी बघा. अनामत तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. ही विनंती नाही, हक्क आहे, तेव्हा संकोच करू नका. आणि खोली न पाहता, किंवा आपल्या ओळखीच्या कुणी प्रत्यक्ष न पाहता, "पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. दरवर्षी आपली दोन-तीन मुलं यात पोळतात आणि लाजेपायी घरी सांगत नाहीत. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज टाका, कारण यादी लांब असते.

आता जिना. श्वाबेन या इथल्या प्रांतात राहायला येताय तर केअरवोखे हा शब्द शिकूनच या. आठवड्याची झाडपूस, पाळीपाळीने. तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते, म्हणजे या आठवड्यात तुमची पाळी. छोटी पाळी असेल तर आपल्या मजल्याचा जिना आणि टप्पा, मोठी असेल तर दरवाजा, तळघराची वाट, बाहेरचा फुटपाथसुद्धा. नवीन मुलं म्हणतात, जिना तर स्वच्छच आहे, काय झाडायचं? तरी झाडा. आणि झाडून झालं की पाटी पुढच्या दाराला नेऊन लावा. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी पहिले दोन महिने माझ्या नमस्काराला नुसती मान हलवायच्या. एका शनिवारी मी बादली घेऊन गुडघ्यावर बसून पायऱ्या पुसत होते, तेव्हा त्या बाहेर आल्या, कोपरे कसे पुसायचे ते दाखवलं आणि पहिल्यांदाच नाव विचारलं. पुढे माझ्या गैरहजेरीत पार्सल घेणाऱ्या त्याच, आणि मला ताप आला तेव्हा 116117 या नंबरवर रात्रीचा डॉक्टर मिळतो हे सांगणाऱ्याही त्याच. (जीव धोक्यात असेल तर 112.)

रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता. मिक्सर, ड्रिल, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं, सगळं सोमवारवर. रविवारी दुकानंही बंद असतात, शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते, त्याला प्फांड म्हणतात. सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

आपल्या स्वयंपाकाचा आणि इथल्या भिंतींचा एक झगडा आहे, तो वेळीच ओळखा. कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, आणि थंडी म्हणून खिडक्या घट्ट बंद. जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी येते आणि घर सोडताना तिचे पैसे अनामतीतून कापले जातात. माझे कापले गेले होते. उपाय फुकटचा आहे: सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, तेवढा वेळ हीटर बंद, मग परत सगळं बंद. खिडकी तिरपी करून दिवसभर ठेवण्याचा उपयोग नाही, भिंती गार पडतात. फोडणी देताना खोलीचं दार लावा, नाहीतर पॅसेजमधला धुराचा अलार्म वाजतो.

जेवणाची काळजी आईला वाटते तेवढी नाही. तुर्की दुकानात भेंडी, कोथिंबीर, चांगली वांगी मिळतात. चपातीला साध्या मैद्यासारखं 405 नंबरचं पीठ घेऊ नका, 1050 नंबरचं घ्या, किंवा त्यात थोडं वोलकोर्न, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ मिसळा. आणि क्वार्क! हा जवळजवळ आपला चक्काच आहे. 40 टक्के स्निग्धांशाचा डबा आणा, रात्रभर फडक्यात टांगा, साखर, वेलची, केशर, की श्रीखंड तयार. गुढीपाडव्याला त्याच आजींना वाटीभर दिलं, तेव्हा त्यांनी मला डाळ आणि श्पेट्झलं खाऊ घातलं. मसूर शिजवून वर व्हिनेगर, सोबत घरच्या शेवया. श्वाबेनचं हे रोजचं जेवण. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कारण त्यावर सॉसेज ठेवायची रीत आहे. माउलटाशन हे मोदकाच्या जवळचं वाटलं तरी आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या.

भाषेला घाबरू नका, हे मी मराठी मुलांना मुद्दाम सांगते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इतर देशांतली मुलं हैराण होतात. आपण लहानपणापासून तो, ती, ते म्हणत आलो आहोत. एकवीसला ते 'एक आणि वीस' म्हणतात, चौऱ्याण्णवला 'चार आणि नव्वद', म्हणजे आपल्याच क्रमाने. घड्याळाचं तर बघा: इथल्या बोलीत 'पाऊण आठ' म्हणजे आपले पावणेआठच. फक्त 'हाल्ब आख्ट' ऐकलंत तर ते साडेआठ समजू नका, ते साडेसात आहेत. मी एका मुलाखतीला यामुळे एक तास उशिरा पोचले. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी पहिल्याच सत्रात विद्यापीठाच्या भाषावर्गाला नाव घाला. दुकानात उत्तर इंग्रजीत आलं तरी तुम्ही जर्मनच बोलत राहा.

विद्यापीठाबद्दल थोडंच. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत चुकली तर सत्र गेलं. 1.0 हा सर्वांत चांगला गुण, 4.0 ला उत्तीर्ण. नोकरीसाठी वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस मिळतात, त्याचा हिशेब स्वतः लिहून ठेवा.

आणि फिरा. सत्राच्या शुल्कातलं तिकीट नेमकं कुठवर चालतं ते आधी वाचून घ्या. देशभराचं डॉइचलांड-तिकीट घेतलंत तर सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या त्यात येतात, वेगवान आयसीई नाही. पॅरिस, प्राग होईलच, पण पहिल्या महिन्यात जवळचं बघा. एस 6 या लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर वाइल डेर श्टाट हे गाव आहे, 1571 मध्ये खगोलशास्त्रज्ञ केपलर तिथे जन्मला. त्याच्या पुढे काल्व, लेखक हेरमान हेसेचं गाव. त्याच्या आईचा जन्म केरळात तलश्शेरीला झाला आणि आजोबा गुंडर्ट यांनी मल्याळम शब्दकोश रचला, हे कळल्यावर त्या लाकडी घरांच्या चौकात मला फार आपलं वाटलं. शहरातच वाइसनहोफ वसाहत आहे, 1927 ची. तिथली वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची दोन घरं 2016 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्याच नोंदीत चंदीगडही आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत आणि जुलैत इथे भारतीय चित्रपट महोत्सव भरतो, त्याला या, तिथे हमखास मराठी कानावर पडतं. देशाबाहेर जाताना पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. त्या दिवसांत मन खचतं, आणि हा तुमचा कमकुवतपणा नव्हे. दुपारी अर्धा तास तरी बाहेर चाला, कुणाकडे तरी जेवायला जा, माझ्याकडे या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. घरी हे आधीच सांगून ठेवा. तुम्ही रात्री आठला फोन करायचात तेव्हा तिकडे साडेअकरा वाजलेले असायचे, आता साडेबारा वाजतील, आणि आई तरीही जागी बसून राहील. फोन सातला करा.