जुनी सेडान गोव्यात वापरताना या चुका टाळा

जुनी सेडान घेताना बहुतेकजण मीटरवरचे किलोमीटर पाहतात आणि बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात. गोव्यात मात्र गाडी आधी खालून जाते. खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीत चढता-उतरताना चाकांना लागणारे मचूळ पाणी यांमुळे इंजिन ठणठणीत पण पत्रा पोखरलेला, अशा गाड्या इथे पुष्कळ दिसतात. म्हणून सौद्यापूर्वी जॅक लावण्याच्या जागा, स्टेपनीखालचा खळगा आणि दारांच्या खालच्या कडा हाताने चाचपाव्यात. रंग संशयास्पद नवा वाटल्यास पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवावा. जिथे जाड लांबी (पुट्टी) भरलेली असते, तिथे तो धरत नाही.

गंज दिसताच त्यावर अंडरबॉडी कोटिंग मारून घेणे ही त्याहून मोठी चूक आहे. गंज खरवडून न काढता दिलेला काळा थर ओल आत कोंडतो, आणि घाईत मारलेल्या कोटिंगने दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकेही बुजतात.

पायाखालचे कार्पेट भिजले की ते उन्हात वाळवून विषय संपवू नये. मी फोंड्यात आंब्याखाली गाडी लावत असे आणि दोनदा असेच केले. तिसऱ्यांदा मेकॅनिकने वायपरखालची जाळी उघडली, तेव्हा कुजलेल्या पानांचा ओंजळभर लगदा निघाला; पावसाचे पाणी जाण्याची वाट त्यानेच तुंबून ते आत येत होते. पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर ओल येत असेल तर एसीची पाण्याची नळी तुंबलेली असते. ओल चिकट असून तिला गोडसर वास असेल तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळते आहे असे समजावे.

कूलंट कमी झाले की विहिरीचे पाणी ओतण्याची सवयही सोडावी, कारण त्यातील क्षारांनी रेडिएटर हळूहळू तुंबतो. तापमानाचा काटा पणजीच्या सिग्नलवर चढून गाडी धावू लागताच उतरत असेल, तर आधी रेडिएटरचा पंखा आणि त्याचा रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच) पाहावा. चोर्ला घाटात चढणीवर काटा चढत असेल, तर रेडिएटर किंवा थर्मोस्टॅटकडे (कूलंटचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेकडे) वळावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगूनही लोक उघडतात.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) असलेल्या गाडीत तो बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्हही वाकतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. नोंदणीला 15 वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतच धरावा. टायरवरील चार आकडे, उदाहरणार्थ 2319, म्हणजे तो टायर 2019च्या 23व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली तरी ते वाचावेत, स्टेपनीवरचेसुद्धा. माझी स्टेपनी गाडीइतकीच जुनी निघाली होती.